संत्र्याच्या बागेतलं कॉलेज

मला दिवसा स्वप्नं पडायची. शाळेच्या बडेबाबूला, म्हणजे हेडक्लार्कला, हे शोभत नाही, हे मान्य. पण पांढुर्ण्यात काय आणि सौंसरला काय, माझं टेबल नेमकं खिडकीशीच असायचं, आणि खिडकीबाहेर नेहमी काहीतरी हलत असायचं. टी.सी. लिहिताना 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना आला की माझी लेखणी थबके. 'पुढील शिक्षणासाठी' एवढेच दोन शब्द लिहायचे असत. पण ते पुढचं कसं असेल, तिथल्या वर्गाच्या खिडक्या कुठल्या बाजूला उघडत असतील, पहिल्या दिवशी हा पोरगा कोणाशेजारी बसेल, असं सगळं डोळ्यांपुढं सुरू होई. मग समोर उभा असलेला पोरगा कंटाळून म्हणे, "बडेबाबू, माही बस निघून राहिली जी."

लोकांना वाटतं, शाळेचा बाबू म्हणजे शिक्के मारणारा. खरं आहे ते. पण माझ्या शिक्क्यांमध्ये एक वेगळा गठ्ठा होता. दिव्यांग हा शब्द तेव्हा आला नव्हता. आम्ही अपंग म्हणायचो, गावात त्याहून सरळ शब्द वापरत. असा विद्यार्थी हायर सेकंडरी होऊन कॉलेजला निघाला की त्याचे कागद माझ्याकडे येत. यात माझा काही मोठेपणा नव्हता. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या टेबलावर फायली साचतात, एवढाच कचेरीचा नियम.

काम काय असे? आधी छिंदवाड्याला जाऊन डॉक्टरांचा दाखला आणायचा. ज्याला दिसत नाही त्याला परीक्षेत लेखनिक मिळवायचा, म्हणजे तो सांगेल ते लिहिणारा. हा लेखनिक खालच्या वर्गातला हवा, नात्यातला नको, आणि त्याची परवानगी पेपराच्या आधी हाती पडायला हवी. आम्ही मध्य प्रदेशात, पण बोली मराठी, शाळा मराठी आणि जवळचं मोठं शहर म्हणजे नागपूर. तिथं जायचं तर स्थलांतराचा दाखला वेगळा. इकडचा अपंगत्वाचा कागद तिकडं चालेल की नाही, हे समोरच्या बाबूच्या मर्जीवर. सरहद्द ओलांडली की आंधळ्याला पुन्हा दिसू लागतं, असं मी गमतीनं म्हणायचो. माझे कागद मात्र पक्के असत. माझ्या हातचा अर्ज कधी परत आला नाही, आणि याचा मला नको तेवढा अभिमान होता.

तो अभिमान रमेशनं उतरवला. मी पांढुर्ण्याला होतो तेव्हाची गोष्ट. रमेश जाम नदीपलीकडचा, सावरगावचा. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, कुबड्या घेऊन रोज पूल ओलांडून शाळेत येई. विज्ञानात हुशार. त्याला एका दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून मी अकरा कागद जोडले आणि सगळे मान्य झाले. दोन महिन्यांनी तो परत आला. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. वर्गमित्र रोज उचलून नेत, आणि एके दिवशी त्यानंच त्यांना थांबवलं. नंतर त्यानं बाजारात घड्याळं दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी एकदा त्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता तो म्हणाला, "बडेबाबू, कागद एकदम बरोबर होते तुमचे. पायऱ्या पाहाच्या राह्यल्या फक्त."

त्यानं ते रागानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मी कधी ते कॉलेज पाहिलंच नव्हतं. खिडकीत बसून नुसतं स्वप्नात पाहिलं होतं, आणि माझ्या स्वप्नात जिना नव्हता.

पुढं माझी बदली सौंसरला झाली आणि ऐंशीचं दशक सरत असताना विशाखा माझ्या टेबलापुढं आली. मोहगावची. लहानपणी गोवरात डोळे गेलेले. धाकटी बहीण पुस्तकं मोठ्यानं वाची आणि ही ऐकून पाठ करी. बाप सुखदेव संत्र्याच्या बागेत मजुरीला. घर बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या फोटोखाली बसून अभ्यास करायचा हा घरातला नियम. विशाखा दुसऱ्या श्रेणीत पास झाली होती.

"पुढं काय?" मी विचारलं.

"बी.ए. नागपूरले," ती म्हणाली. "इतिहास घेऊन."

नागपूरला मुलींचं कॉलेज होतं, आवारातच होस्टेल होतं, आणि शहरात टेपवर भरलेली पुस्तकं मिळत. मी सुखदेवला घेऊन तिथल्या प्राचार्यबाईंना भेटलो. कडक इस्त्रीची साडी, समोर एकही फालतू कागद नाही. त्यांनी माझी फाईल बघितली आणि मला वाटलं, झालं.

"कागद उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "पण हिला वर्गात कोण नेणार? होस्टेलातून कोण आणणार? माझ्याकडे माणूस नाही. उद्या पडली तर तुमचा दाखला तिला उचलणार आहे का?" मग फाईल मिटत, "शिवाय इतिहास कशाला? संगीत का नाही घेत?"

"तिला गाता येत नाही जी," सुखदेव म्हणाला. "लय बेसूर हाय."

बाई हसल्या. पण अट सोडली नाही. प्रवेशाच्या दिवशी विशाखानं फाटकापासून ऑफिसपर्यंत, तिथून नऊ नंबरच्या वर्गात, तिथून लायब्ररीत आणि परत असं एकटीनं यायचं. कोणी हात धरायचा नाही. आली तर प्रवेश, नाहीतर नाही. मला बाईंचा राग आला नाही. त्या पायऱ्या पाहत होत्या.

दिवस होते पंधरा. मी त्याच दिवशी ते आवार पावलांनी मोजलं. फाटकापासून मुरमाचा रस्ता, मग तीन पायऱ्या, मग फरशीचा लांब व्हरांडा, उजवीकडे ऑफिस, वळणावर पाण्याची टाकी, तिच्यापुढं वर्ग, आणि मागच्या अंगाला लायब्ररी. एका कागदाच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये ते लिहिलेलं वाचत होतो आणि बाहेर सौंसरच्या बागा सुरू झाल्या. सारख्या अंतरावर लावलेली झाडं, ओळीमागून ओळ. अर्धवट झोपेत मला त्या ओळी व्हरांड्याच्या खांबांसारख्या दिसू लागल्या. मी सुखदेवला हलवून उठवलं.

सुखदेव ज्यांच्याकडे कामाला होता ते बाबारावजी हे तिरसट गृहस्थ. मृगाची बहार धरलेली, म्हणजे उन्हाळाभर झाडांचं पाणी तोडून, ताण देऊन, मग पाणी मिळालं की झाड फुलावर येतं, त्याचे ते दिवस. अशा वेळी बागेत कोणी फिरकलेलं त्यांना खपत नसे. मी माझं म्हणणं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"म्हंजे माह्या बागेत तुम्ही कॉलेज काढून राहिले?" ते म्हणाले. "काढा. पण चपला धुऱ्यावर काढाच्या. बहार धरल्यावर बागेत चपला घालून जाचं नाई, हा माह्या बापाचा नेम आहे. मीबी काढतो."

धुरा म्हणजे शेताचा बांध. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावजींनी स्वतःचे जोडे धुऱ्यावर काढले, मी काढले, विशाखानं काढल्या. सुखदेवनं मात्र तिच्या चपला तिथं राहू दिल्या नाहीत. उचलून, माती झटकून आपल्या दुपट्ट्यात गुंडाळल्या आणि काखेत धरल्या. मला ते दिसलं. का, हे विचारावं असं वाटलं नाही. मी कॉलेज बांधायच्या नादात होतो.

काय दिवस होते ते. सकाळी बागेत शिरलं की जमिनीवर धुकं असे आणि झाडांवर पांढऱ्या कळ्या. आम्ही वाटेवर मुरूम पसरला, तीन पायऱ्यांसाठी विटा रचल्या. फरशीसाठी बाबारावजींनी विहिरीवरचे सपाट दगड काढून दिले, आणि वर "जपून वापरजा" असंही बजावलं. वाकडं झाड ते ऑफिस. पाटाचं पाणी जिथं वळे तिथं टाकी. शेवटून तिसरं झाड नऊ नंबरचा वर्ग, आणि विहिरीजवळचं जुनं, शेवाळाच्या वासाचं झाड म्हणजे लायब्ररी. सुखदेवनं बांबूची काठी सोलून तिला चुना लावून दिला होता. ती काठी पुढं धरून विशाखा चाले, पण खरं ती पायांनी वाची. अंगठा जरा दाबून, थांबून, मग पुढं.

"आता मुरूम संपला," ती म्हणे. "आता पायरी. आता थंड लागून राहिलं, म्हंजे व्हरांडा."

आठव्या दिवसापर्यंत कळ्या फुटल्या आणि सगळी बाग त्या वासानं भरून गेली. मधमाश्यांचा आवाज इतका असे की विशाखा म्हणाली, "पोरी बोलून राहिल्या वाटते वर्गात." मी धुऱ्यावर बसून बघत असे आणि मला खरोखर कॉलेज दिसे. घंटा ऐकू येई. मजूर बायकांनाही ती भाषा लागली. "ऑफिसखालचं गवत काढलं का वं?" एक विचारी, आणि दुसरी सांगे, "मी अजून लायब्ररीतच हाव." बाबारावजी पहिल्यांदा रागावले, मग तेही म्हणू लागले की प्रिन्सिपलच्या ओळीला फूल चांगलं आहे. तेराव्या दिवशी विशाखा एकदाही न चुकता सगळं कॉलेज फिरून आली. मी इतका खूश झालो की बस स्टँडवर सगळ्यांना जिलेबी घेतली.

प्रवेशाच्या दिवशी सकाळच्या बसला बापलेक उभे होते. विशाखाच्या पायात नवी सँडल. काळी, पट्ट्याची, टाच उंच. आईनं मोहगावच्या बाजारातून निवडून आणलेली. सुखदेवच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी फक्त तोच पाहिला. माझ्या अर्जांत ओळखीची खूण लिहायला रकाना होता, अपंगत्व किती टक्के याला रकाना होता. पायात काय घालणार, असा रकाना नव्हता. पंधरा दिवस मी त्या पोरीला सगळं कॉलेज अनवाणी शिकवलं होतं, आणि हे नागपूरला फाटकाशी उभं राहीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

प्राचार्यबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. प्रवेशाला आलेल्या मुली बाजूला झाल्या. विशाखा निघाली आणि दहाव्या पावलाला मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे. पाऊल आखूड पडत होतं. टाच मुरमात रुतत होती. मुरूम संपला ते तिला समजलं नाही, पायऱ्यांच्या आधीच ती डावीकडे वळली आणि सायकली ठेवायच्या जागेशी जाऊन भिंतीला धडकली. एक सायकल आडवी झाली. कोणी हसलं नाही. बाईंनी हातानंच थांब म्हटलं, पण तिला ते दिसणार कसं. मग त्या म्हणाल्या, "परत फाटकाशी जा. आणखी एकदाच."

ती काठी टेकत आली. कपाळाला खरचटलं होतं. खाली बसली आणि सँडलचा पट्टा चाचपू लागली.

"विशू, नाई," सुखदेव म्हणाला.

"बाबा, पायाले काई समजूनच नाई राहिलं."

"मंग हळू चाल. पण घालून चाल." त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "माह्या बापाले वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्या लागत होत्या. दर दिवशी. मी लहान होतो, पाह्यलं म्या. माही पोरगी तशी कॉलेजात नाई जाईन. नाई भेटला प्रवेश त नाई भेटला. चाल घरी."

मी मोहगावचाच. वरच्या आळीतला. आमच्या घरापुढच्या ओट्यावर माझे आजोबा संध्याकाळी बसायचे, आणि रस्त्यानं कोण कसं जातं ते बघायचे. माझ्या मनातल्या त्या संध्याकाळी फार सुंदर होत्या. त्या रस्त्यावर सुखदेवचा बापही होता, हे मला त्या दिवशी फाटकाशी पहिल्यांदा दिसलं. पंधरा दिवस मी त्याच्या मुलीला चपला काढायला लावत होतो आणि तो त्या दुपट्ट्यात गुंडाळून काखेत धरत होता. मला लाज वाटली. अजून वाटते.

मला वाटलं, आता मी काही बोलावं. पण बोलायचा हक्क माझा नव्हता, आणि रमेशसारखी हीही आता परत जाणार, हे मला दिसू लागलं.

विशाखानं चाचपून पट्ट्यांची बक्कलं शोधली. मग तिनं दोन्ही पट्टे सोडले.

"आज्याले काढा लावत होते, बाबा," ती म्हणाली. "मले कोणी लावलं नाई. मी काढून राहिली. उद्या घालाच्याच हाय."

तिनं सँडल हवेत पुढं धरल्या. बाप जिथं उभा होता त्याच्या जरा डावीकडे. सुखदेवनं दोन पावलं सरकून त्या घेतल्या, माती झटकली, आणि बागेत करायचा तसंच दुपट्ट्यात गुंडाळल्या.

ती उठली. अंगठ्यानं मुरूम दाबून पाहिला आणि चालू लागली. मुरूम संपला तिथं क्षणभर थांबली. तीन पायऱ्या चढली. फरशी लागताच तिचे खांदे सैल झाले, ते मला फाटकातून दिसलं. ऑफिसशी उजवीकडे हात लावला, टाकीशी वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही दोघं उभेच. आवारात एक मोठं कडुनिंबाचं झाड होतं, त्याच्यावर मी नजर लावली, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. बऱ्याच वेळानं ती मागच्या बाजूनं लायब्ररीला वळसा घालून व्हरांड्यात आली आणि बाईंपासून एका हातावर थांबली.

"आली मी," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग फाटकाशी उभ्या सुखदेवच्या काखेतल्या गाठोड्याकडे. किती समजलं त्यांना, मला माहीत नाही. "इतिहासच ना?" त्यांनी विचारलं आणि सही केली. मग म्हणाल्या, "उद्यापासून पायात घालून यायचं. महिनाभर सकाळी मी इथं उभी राहीन. वाट चुकलीस तर हाक मारीन." नंतर कळलं की त्या खरंच महिनाभर उभ्या राहिल्या.

पांढुर्ण्याला जाऊन मी रमेशला हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एक जुनं मनगटी घड्याळ काढलं. त्याची काच त्यानं अशी बसवली की नखानं उघडावी आणि काटे बोटानं चाचपावेत. "हे पाठवजा तिले," तो म्हणाला. त्याच्यासाठी मी मात्र फक्त अकरा कागद जोडले होते.

दिवाळीच्या सुट्टीत विशाखा घरी आली आणि म्हणाली, बागेत जायचं. आम्ही गेलो. मनगटावर रमेशचं घड्याळ, पायात तीच सँडल, टाच एव्हाना झिजलेली. धुऱ्याशी ती थांबली आणि वाकू लागली तशी बाबारावजी खाटेवरून म्हणाले, "राहू दे बाई. बहार कवाची सरली, फळं धरली आता. घालून जाय."

झाडांना हिरवी फळं लोंबत होती. विशाखा वाकड्या झाडापासून सुरू झाली. ऑफिस, टाकी, नऊ नंबर. सँडलनं, झपझप. विहिरीजवळ आली, जुन्या झाडाला हात लावला, आणि थांबून म्हणाली, "बडेबाबू, तुमची लायब्ररी चुकली. खरी आणखी आठ पावलं पुढं हाय. पहिल्या दिवशी मी भिंत धरून शोधली. तुमाले वाईट वाटन म्हणून सांगतलं नाई."

मग आम्ही लायब्ररी एक झाड पुढं सरकवली. तण काढत बसलेल्या बायकांनाही तसं कळवलं. "आता हे जुनं काय मंग?" एकीनं विचारलं. विशाखानं विचार केला आणि त्याला कँटीन केलं.

सुखदेव सगळा वेळ आमच्या मागून चालत होता. आम्ही विहिरीवर बसलो तेव्हा तो परत ओळीत गेला. त्या दिवशी त्याला ती बाजू खुरपायची होती. खुरपं घेऊन तो वाकड्या झाडापाशी खाली बसला आणि बाकीच्या ओळी एकेक करून साफ करत गेला. ओल्या मातीत विशाखाच्या टाचांचे ठसे उमटले होते, ऑफिसपासून लायब्ररीपर्यंत. तेवढी एक ओळ त्यानं तशीच ठेवली.